सातला कुलूप लावणाऱ्या बाई

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मॅडम पुष्कळ होत्या, बाई एकच होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं होतं, "मला मॅडम म्हणू नका. मॅडम म्हटलं की बँकेच्या काउंटरमागे बसल्यासारखं वाटतं. बाई म्हणा." मेकॅनिकलचा वर्ग, मुलगे भरपूर आणि आम्ही मोजक्या मुली. शाळा सुटल्यापासून कुणी कुणाला बाई म्हटलं नव्हतं. आठवडाभर सगळ्यांना लाज वाटली, मग तीच हाक तोंडात बसली.

त्या आम्हाला थिअरी ऑफ मशीन्स शिकवत. तास संपायला पाच मिनिटं उरली की खडू खाली ठेवायच्या. "शेवटची पाच मिनिटं कुणी ऐकत नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हा मीही ऐकत नव्हते. जा, पाणी प्या." शेजारच्या वर्गावरच्या सरांनी एकदा तक्रार केली की तुमची मुलं लवकर सुटतात आणि बाहेर उभी राहतात. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणीच पितात हो ती."

पुण्यात हेल्मेट घालणाऱ्याकडे लोक वळून बघत, अशा काळात बाई कोथरूडहून मोपेडवर पांढरंशुभ्र हेल्मेट घालून यायच्या. पार्किंगमध्ये कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "काय, चंद्रावर निघालात का?" बाई म्हणाल्या, "नाही. संध्याकाळी घरी परत जायचंय." त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पण बाई माझ्या लक्षात राहिल्या त्या तासामुळे नाहीत, रोबोटमुळे.

ते दिवस पुण्यात जिकडेतिकडे काचेच्या इमारती उभ्या राहण्याचे होते. मेकॅनिकल असो की सिव्हिल, शेवटच्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनीत शिरायचं हे ठरलेलं. आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्येसुद्धा, जिथे पिढीजात कारखान्यातली नोकरी म्हणजे सगळं काही होतं, तिथे बायका हिंजवडीचं नाव देवळाचं घ्यावं तसं घेऊ लागल्या होत्या. कंपनीवाले कॅम्पसला यायचे तेव्हा गुणांच्या जोडीला आणखी काहीतरी लागायचं. आमच्या कॉलेजात ते काहीतरी म्हणजे रोबोटची टीम. देशभरातल्या कॉलेजांची एक मोठी स्पर्धा असे, ती टीव्हीवरही दाखवत. आदल्या वर्षी आमचं कॉलेज अंतिम फेरीत हरलं होतं. यंदा जिंकायचंच, असं प्राचार्यांनी स्टेजवरून जाहीर केलं होतं. आणि नेमके त्याच वर्षी टीमचे जुने सर नोकरी सोडून दुसरीकडे गेले, आणि कुणीच तयार होईना म्हणून टीम बाईंच्या गळ्यात पडली.

मेकॅनिकलच्या इमारतीमागे पत्र्याची एक शेड होती, तिथे आमचं काम चाले. बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आम्ही सगळे सावरून उभे होतो. त्यांनी रोबोटकडे पाहिलंच नाही. टेबलाखाली गुंडाळलेल्या गाद्या पाहिल्या, खिडकीत एका मगात खोचलेले टूथब्रश पाहिले, नूडल्सच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग पाहिला.

"इथे कोण राहतं?"

आमचा कॅप्टन अद्वैत अभिमानाने पुढे झाला. "आम्ही सगळेच, बाई. मागच्या वर्षी शेवटचा महिना कुणी घरी गेलं नव्हतं. टीमची ट्रॅडिशन आहे ती."

"भाडं देता का?"

 अद्वैत कोथरूडचा, दहावी-बारावीला बोर्डात झळकलेला, हरण्याची सवय नसलेला मुलगा. बाईंनी त्याच दिवशी गाद्या हॉस्टेलला परत पाठवल्या आणि शेडच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या पर्सला अडकवली. संध्याकाळी सात वाजता शेड बंद. रविवारी बंद. ज्याची परीक्षा असेल त्याला शेडमध्ये मज्जाव.

"बाई, बाकीच्या कॉलेजांतली मुलं रात्ररात्र काम करतात," अद्वैत म्हणाला.

"करू देत. रात्री केलेल्या चुका त्यांना सकाळी सापडतील. आपला तेवढा वेळ वाचेल."

"पण बाई, मुलं जीव तोडून काम करायला तयार आहेत."

बाईंनी शेडभर नजर फिरवली. ड्रिल मशीन, टेबलाला बसवलेला व्हाइस, सोल्डरिंगची स्टँडं. "जीव तोडू नका," त्या म्हणाल्या. "तो जोडायचं यंत्र इथे दिसत नाही मला."

त्यांचे आणखीही काही नियम होते. शेडमध्ये आलं की त्या विचारायच्या, "जेवलास का?" हो म्हटलं की दुसरा प्रश्न, "काय?" भाजी सांगावी लागे. वडापाव हे उत्तर चालत नसे. गुरुवारी दुपारनंतर त्या सगळ्यांना टेकडीवर घेऊन जायच्या. चढताना रोबोटचा विषय काढायचा नाही. ज्याने काढला त्याने मागे राहून एकट्याने चालायचं. पहिल्या गुरुवारी आम्ही सगळेच मागे पडलो आणि बाई एकट्याच पुढे निघून गेल्या. दुसऱ्या विषयावर बोलता येण्याइतकं आम्हाला एकमेकांबद्दल काही माहीतच नव्हतं. पुढे हळूहळू कळत गेलं. अद्वैत लहानपणी तबला शिकायचा. प्रफुल्लचे वडील एसटीत कंडक्टर होते.

रविवारी त्या आमच्या घरी फोन करायच्या. आमच्याकडे तो फोन हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आई घाबरून मला हाक मारायची, कॉलेजातून बाईंचा फोन म्हणजे काय केलंस?

"काय चाललंय?" बाई विचारायच्या.

"अभ्यास."

"आणि?"

"आणि काही नाही, बाई."

"मग फोन ठेव आणि काहीतरी कर," असं म्हणून त्याच फोन ठेवायच्या. आईला हे कधीच नीट समजावून सांगता आलं नाही. पण त्या वर्षी मी कितीतरी वर्षांनी बाबांबरोबर रविवारी कॅरम खेळू लागले, एवढं खरं.

बाई अशा का आहेत, यावर कॉलेजात पुष्कळ कथा होत्या. कुणी म्हणे, त्यांच्या एका विद्यार्थ्याने काहीतरी करून घेतलं. कुणी म्हणे, त्यांचा भाऊ. एकदा टेकडीवरून उतरताना मी धीर करून विचारलं.

"असं काही नाही ग," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी घडलेलं असलंच पाहिजे. काही घडू नये म्हणूनही माणूस काही करतोच की."

प्रफुल्लचा उल्लेख वर झाला. तो वर्ध्याकडचा. धायरीला एका खोलीत गावाकडच्या मुलांबरोबर राहायचा आणि बसने यायचा. उंच, सावळा, खालमानेचा. आमच्या रोबोटचा सगळा प्रोग्राम त्याचा होता. स्पर्धेत रोबोटला कुणी हात लावायचा नसे. काळ्या फळीवर पांढरी पट्टी आखलेली असायची, रोबोटच्या पोटाखाली बसवलेला सेन्सर ती पट्टी बघायचा आणि त्यावरून रोबोट आपोआप वळणं घेत पुढे जाऊन टोपलीत चेंडू टाकायचा. हे सगळं रोबोटला शिकवायचं काम प्रफुल्लचं. दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे, आणि मला प्रफुल्लशेजारी बसवलं. "एकालाच येणारी गोष्ट टीमला येत नाही, असं समजायचं," त्या म्हणाल्या.

प्रफुल्लला ते आवडलं नाही. तो मला शिकवायचा, पण एखाद्याने आपल्या ताटातलं वाढावं तसं, थोडं थोडं.

स्पर्धा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी बाईंनी शेडचं कुलूप काढलं, त्यांच्यामागून मी आणि अद्वैत आत गेलो, तर प्रफुल्ल टेबलाशी बसलेला. मागच्या खिडकीचा गज सैल होता, तिथून तो आत येत असे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधलेला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही बाई. थोडं लागलं."

"सोड तो रुमाल."

अंगठ्यापासून तळव्याच्या मध्यापर्यंत कातडी पांढरी पडून फुगली होती. सोल्डरिंगची सळई हातात असताना त्याचा डोळा लागला होता. ती हातावर पडली, तो जागा झाला, रुमाल बांधला आणि पुन्हा कामाला लागला. तो हे अगदी साधेपणाने सांगत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाला झालं होतं.

बाई स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत. "मी कुलूप कशासाठी लावते, प्रफुल्ल?"

"आम्ही झोपावं म्हणून."

"मग?"

"प्रोग्राम अटकला होता बाई, तेच करून राहिलो होतो. माझ्याशिवाय कोण करणार?"

"ही आहे ना शेजारी बसलेली. हिला शिकवतोस ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.  मग एकदम बोलायला लागला.

"तुम्हाला नाही समजणार, बाई. वर्गात मी मागच्या बाकावर बसतो. इंग्रजीत कुणी विचारलं की मला येत असलेलंही सांगता येत नाही. तीन विषय राहिले माझे. घरी माहीत नाही. ह्या शेडमध्ये आलो की सगळे मला विचारतात, प्रफुल्ल, हे कसं करायचं. इथं माझ्याशिवाय चालत नाही. बाकी सगळीकडे चालते."

 मला वाटलं, आता बाई त्याच्या पाठीवर हात ठेवतील.

"इथेही चालेल," बाई म्हणाल्या. "चालायलाच पाहिजे. नाहीतर तुला साधं आजारीसुद्धा पडता येणार नाही."

प्रफुल्लचा चेहरा उतरला. त्या क्षणी बाईंचं बोलणं मला फार कोरडं वाटलं. पण त्या उठल्या, त्याला बाहेर घेऊन गेल्या, स्वतःचं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर घातलं, बंद नीट लावला, कारण त्याला एका हाताने लावता येईना, आणि त्याला मागे बसवून डॉक्टरकडे नेलं. बाईंना उघड्या डोक्याने मोपेड चालवताना कॉलेजाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांकडून त्या त्याच्या धायरीच्या खोलीवर गेल्या, पिशवी भरायला लावली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून त्याला गावी पाठवून दिलं. आठ दिवसांनी ये म्हणाल्या. आणि विषय राहिल्याचं घरी स्वतःच्या तोंडाने सांग.

अद्वैत थेट प्राचार्यांकडे गेला. थोड्या वेळाने बाईंना बोलावणं आलं. मी रोबोटच्या काही भागांच्या खरेदीच्या कागदावर सही घ्यायला बाहेरच्या बाकावर बसले होते, त्यामुळे आतलं सगळं ऐकू आलं.

"स्पर्धा इतक्या जवळ असताना तुम्ही टीमचा मुख्य मुलगा घरी पाठवलात?" प्राचार्य म्हणाले.

"मुख्य मुलगा तो त्याच्या आईचा आहे, सर. आपल्याकडे तो तिसऱ्या वर्षाला आहे."

"बाई, हे शब्दांचे खेळ नकोत. उद्या हरलो तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्हाला कल्पना आहे का, मॅनेजमेंट काय म्हणेल?"

"आहे. त्याचा हात तुम्ही पाहिलात का, सर?"

प्राचार्य वाईट माणूस नव्हते.  पण त्यांनी बाईंना बसाही म्हटलं नव्हतं, हे दार उघडल्यावर दिसलं.

आठ दिवस झाले आणि प्रफुल्लचा शेडच्या बाजूच्या ऑफिसात फोन आला. बाईंनी घेतला. आम्ही सगळे भोवती जमलो होतो. प्रफुल्ल काहीतरी बराच वेळ बोलत होता. बाई मधेमधे "बरं" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "राहा की मग. आम्ही बघतो इकडचं." आणि फोन ठेवला.

"येत नाहीये?" अद्वैतचा आवाज चिरकला.

"आणखी थोडे दिवस राहतो म्हणाला. वडिलांच्या एसटीतून जातोय रोज. मागच्या सीटवर बसतो आणि त्यांच्याबरोबर डबा खाऊन परत येतो."

"बाई, तुम्ही त्याला ये म्हणाला असता तर तो आला असता."

"हो, आला असता," बाई म्हणाल्या.

अद्वैत त्यानंतर बाईंशी कामापुरतंही बोलेनासा झाला. मीच निरोप पोचवायची. प्रफुल्लचा प्रोग्राम आता माझ्या हातात होता, आणि खरं सांगायचं तर त्याने मला जेवढं शिकवलं असं मला वाटलं होतं, त्याहून जास्त शिकवलं होतं. सातच्या आत जेवढं होईल तेवढं आम्ही केलं. बाई रोज शेवटी येऊन रोबोट एकदा पळवून बघायच्या, मान हलवायच्या आणि कुलूप लावायच्या.

स्पर्धेत आम्ही पहिल्या फेऱ्या चांगल्या जिंकलो. उपांत्य फेरी ज्या हॉलमध्ये होती तिथे टीव्हीवाल्यांनी वरून मोठे दिवे सोडले होते. काळ्या फळीवर त्यांची चकाकी पडत होती. मी सेन्सरची आकडेमोड बदलून पाहिली, सरावाच्या वेळी जमलंही. प्रत्यक्ष खेळात रोबोट दोन वळणं सुरेख गेला, प्रेक्षकांतून आमचं नाव घेऊन ओरडा सुरू झाला, आणि तिसऱ्या वळणावर त्याला पट्टीऐवजी चकाकी दिसली. तो सरळ गेला. फळीच्या कडेला जाऊन थांबला आणि जागच्या जागी थरथरत राहिला. नियमाप्रमाणे हात लावता येत नव्हता. आम्ही सगळे उभे राहून तो थरथरताना बघत होतो.

नंतर प्रफुल्लला फोनवर सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, सेन्सर दोन बोटं खाली घ्यायला पाहिजे होता, म्हणजे रोबोटच्या सावलीत आला असता. त्याने ते बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला फक्त उत्तर येत होतं.

परतीच्या बसमध्ये अद्वैत खिडकीशी रडत होता. बाई ड्रायव्हरमागच्या सीटवर ताठ बसून होत्या. वाटेत त्यांनी बस थांबवून सगळ्यांना जेवायला घातलं, प्रत्येकाने पोळी घेतली का ते पाहिलं. हरण्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्यातले बरेच जण तेव्हा म्हणाले की बाईंना त्याचं काहीच नाही, त्यांना जिंकायचंच नव्हतं. मलाही तसंच वाटलं.

महिन्याभरात टीम त्यांच्याकडून काढून घेतली. प्राचार्यांनी सभ्यपणे सांगितलं की तुमच्यावर शिकवण्याचा भार फार आहे. नवे सर आले, गाद्या परत आल्या, आणि पुढच्या वर्षी, अद्वैतच्याच कॅप्टनपदाखाली, आमचं कॉलेज जिंकलं. गेटवर मोठा फ्लेक्स लागला. मी त्या वर्षी टीममध्ये नव्हते, पण बाई पेढे घेऊन शेडमध्ये गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर होते. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. अद्वैतने तो घेतला आणि न खाता टेबलावर ठेवला. बाईंनी ते पाहिलं. "छान केलंत," म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर आलो.

प्रफुल्लने राहिलेले विषय सोडवले, एक वर्ष मागे पडून डिग्री घेतली, आणि आम्हा सगळ्यांसारखाच तोही सॉफ्टवेअरमध्ये गेला. अद्वैत अमेरिकेला गेला. मी हिंजवडीला लागले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा कामामुळे मला जाता आलं नाही, पण वर्षातून एक-दोनदा कोथरूडला त्यांच्याकडे जाऊन यायचे. त्यांच्या सोसायटीतली लहान मुलं आता प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रोबोट करत, आणि त्यांचे आईवडील घड्याळ लावून बाहेर बसत. बाई त्या मुलांना मधूनच लपाछपी खेळायला हाकलून देत. पालकांना ते खपत नसे, आणि पालकांना खपत नाही याचं बाईंना काही वाटत नसे.

अशाच एका भेटीला जाण्याआधी अद्वैतचा फोन आला. तो परत आला होता. कायमचा की कसं, त्यालाही माहीत नव्हतं. मी बाईंकडे चाललेय म्हटल्यावर तो म्हणाला, "मी आलो तर चालेल का?"

त्याला पाहून मला धक्का बसला. केस बरेच गेले होते आणि हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता. बाईंनी दार उघडलं, त्याला क्षणभर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ये रे. तबला ठेवलास का सोडून?"

"केव्हाच, बाई."

मटाराच्या शेंगांची परात मधे ठेवून आम्ही बसलो. अद्वैत सोलता सोलता सांगू लागला. तिथल्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. एक मोठं काम संपवायचं होतं, आठवडेच्या आठवडे नीट झोप नव्हती, आणि एके दिवशी मीटिंगमध्ये बोलता बोलता त्याला समोरच्या माणसाचं नाव आठवेना, मग स्वतःच्या मुलीचं आठवेना. खाली बसला तो उठलाच नाही. बरं व्हायला त्याला वर्ष लागलं.

"तिथे चांगली माणसं होती, बाई," तो म्हणाला. "सगळे मला ग्रेट म्हणायचे. पण मला कुणी घरी पाठवलं नाही."

बाई शेंग सोलायच्या थांबल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, बघ, मी सांगत होते. त्यांनी त्याच्यापुढे आणखी चार शेंगा सरकवल्या.

"मला तेव्हा तुमचा फार राग होता," अद्वैत म्हणाला. "वाटायचं, ह्यांना काय, ह्यांना जिंकायचंच नाहीये. आता कळतं, तुम्हाला ट्रॉफीचं काही नव्हतंच."

"कोण म्हणालं?" बाईंनी वर पाहिलं. "मला फार जिंकायचं होतं रे. तुझ्याइतकंच. कदाचित जास्त. तुमच्यापुढे पुढची वर्षं होती, मला पुन्हा कुणी टीम देणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन मी तोंडावर पाणी मारून आले, तेव्हा कुठे बसमध्ये नीट बसता आलं."



"मग फोनवर प्रफुल्लला राहा कशाला म्हणालात?" अद्वैतने अगदी हळू विचारलं.

"तो हसत होता फोनवर," बाई म्हणाल्या. "मी त्याला हसताना आधी ऐकलं नव्हतं." त्यांनी सोललेले मटार वाटीत ओतले, एक खाली घरंगळला तो उचलला. "पण अजूनही एखाद्या पहाटे जाग येते ना, तेव्हा मी पडल्या पडल्या तो सेन्सर दोन बोटं खाली घेते. आणि मग रोबोट ते तिसरं वळण बरोबर घेतो."